गुलाबदाणीच्या बुडाचं कासव

आमच्या घरातली गुलाबदाणी सुरतेहून गलबतानं आली, निखळ चांदीची आहे, असं मामंजी सांगायचे. संस्थानच्या दरबारात पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडायचं काम त्यांच्याकडे होतं. संस्थान विलीन झालं तेव्हा ती त्यांना भर दरबारात इनाम मिळाली. मग गावात लग्न कुणाचंही असो, मांडवाच्या तोंडाशी मामंजी ती घेऊन उभे.

माझं माहेर पालीकडचं, तांबटाचं. जात एकच, पण सासरच्यांनी हातोडा केव्हाच खाली ठेवलेला. "तुझ्या माहेरी बोलतात तरी का गं, की नुसतीच ठाकठूक?" सासूबाई हसत विचारायच्या.

तांबटाच्या मुलीला काळवंडलेलं भांडं बघवत नाही. मी घरात नवीच होते. एका लग्नाच्या आदल्या दिवशी, माहेरी घागरी घासायचो तशी, ती गुलाबदाणी मी आमसुलं आणि राख लावून खसाखसा घासली. चांदी गेली, खालून तांबं वर आलं. बुडाशी छिन्नीनं कोरलेलं कासव निघालं. ती माझ्या आजोबांची खूण. त्यांनी घडवलेल्या प्रत्येक भांड्याखाली ती असे. पूर्वी ते कामासाठी इकडे किनाऱ्याला उतरत, एवढं ऐकून होते.

"खाऱ्या हवेनं झालं असेल," मी मामंजींना म्हटलं. कासवाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

त्यांनी गुलाबदाणी फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवली. त्यानंतर ते मांडवाच्या तोंडाशी उभे राहिले नाहीत. कुणी विचारलं, तर गुडघे दुखतात म्हणायचे. मी ऐकत राहिले, वर्षानुवर्षं.

गेल्या साली माझ्या थोरलीचं लग्न ठरलं. "मला मागंच बसवा," मामंजी म्हणाले. तेव्हा मात्र राहवेना. गुलाबदाणी त्यांच्या पुढ्यात उपडी केली आणि सगळं सांगून टाकलं.

त्यांनी कासवावरून अंगठा फिरवला. "इतकी वर्षं गप्प का राहिलीस?"

"तुमची सुरत बुडाली असती."

"चांदी गेली तेव्हाच बुडाली ती." गुलाबदाणी सुलटी करत म्हणाले, "म्हणजे दरबारात मी तुझ्या आजोबांची कारागिरी मिरवत होतो. आणि आमची ही तुला ठाकठूक म्हणते."

"ऐकू येतंय मला," सासूबाई आतून म्हणाल्या.

लग्नाच्या सकाळी मी ती पुन्हा घासली, या खेपेला मामंजींच्या सांगण्यावरून. ते मांडवाच्या तोंडाशी ताठ उभे राहिले आणि येईल त्याला सांगत सुटले, "दरबारातली आहे. तांब्याची. आमच्या सूनबाईच्या आजोबांनी घडवलेली." पालीहून माझा भाऊ आला, तेव्हा त्याचा सदरा पार भिजला तरी त्यांचा हात थांबेना.