अक्कानं मिठात टाकलेले मासे

माझ्या शिक्षणाचं सगळं श्रेय सुमनअक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला. रविवारी इथल्या, बंगळूरच्या शिवाजीनगर बाजारातून मरळ मासे आणले आणि बेळ्ळंदूरच्या फ्लॅटमध्ये धुरी देण्याआधी मिठाच्या पाण्यात बुडवले. हळद-मिठाचा तो ओला वास आला आणि मी कृष्णाकाठच्या आमच्या घरी पोचलो.

घरी आम्ही मासे ताजेच खायचो. मिठात मुरवून धुरावर सुकवायचे ते फक्त लांब जाणाऱ्या माणसासाठी. मला बंगळूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता, पण आमचे वडील, आबा, हो म्हणत नव्हते. त्या संध्याकाळी अक्कानं कुणाला न विचारता पातेलंभर मासे मिठाच्या पाण्यात टाकले.

आबा नदीवरून आले आणि पातेलं बघून थबकले.

"कुणासाठी गं हे, सुमे?"

"धाकटा बंगळूरला चाललाय न्हवं."

"मी हो म्हटलंय?"

"नसंल म्हटलं. मासे तर टाकलेत."

आबा पातेल्यावर वाकले. मग बोट बुडवून त्यांनी पाणी चाखलं. "अळणी हाय. हॉस्टेलात पोचायच्या आत नासतील," म्हणाले आणि स्वतःच्या हातानं मूठभर मीठ टाकलं.

मला तेव्हा होकार मिळाल्याचाच आनंद होता. अक्का कितीतरी वेळ पदराला कोरडेच हात पुसत राहिली होती, ते आज दिसतं.

असलं काही तिच्याशी फोनवर बोलवत नाही, म्हणून पत्र पाठवलं: "अक्का, एक विचारायचं राहूनच गेलं. आबा नाही म्हणाले असते, तर तू त्या माशांचं काय करणार होतीस?"