रायखानला परत म्हणता येईना

माझी वहिनी रायखान बलखाश सरोवराकाठच्या आमच्या छोट्या स्टेशनात स्टेशनमास्तर होती. मी तिथंच तिकीट खिडकीवर. कंट्रोलमधून फोनवर हुकूम यायचा, तो तिनं शब्दन्‌शब्द परत म्हणून दाखवायचा, पलीकडून ‘बरोबर’ आलं की मगच गाडी हलवायची. इतक्या वर्षांत तिची जीभ कधी अडखळली नाही. घरीही तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. माझा भाऊ तोलेगेन रुळांच्या दुरुस्तीवर, अगदी अबोल. ती म्हणायची, “तुझ्यापेक्षा मेंढा बरा. तो निदान बें तरी करतो.”

त्या हिवाळ्यात तिचं डोकं दुखायचं. चहा कडक केला की बरं वाटतं म्हणायची. एका दुपारी मी तिच्या खोलीत बसले होते. हुकूम आला, मालगाडी तिसऱ्या लाईनीवर घ्या, मागून पॅसेंजर येतेय.

“मालगाडी ति... दुस... तिरस...” वहिनी थांबली. पुन्हा म्हणू लागली, पुन्हा तेच.

फोनमधला माणूस हसला. “काय रायखान, भरदुपारीच घेतलीस वाटतं?”

तिचा चेहरा पांढराफटक पडला. पण हात शुद्धीवर होते. तिनं दोन्हीकडचे सिग्नल लाल केले आणि फोन माझ्या हातात कोंबला. मला म्हणाली, “कळतंय गं मला. मालगाडी तिकडे घ्यायचीय, हे कळतंय. त्याचं बोलणं माझ्या तोंडात येत नाही.”

गाड्या उभ्या राहिल्या म्हणून कुणी मेलं नाही. तरी वरिष्ठांनी तिला घरी बसवलं. गावभर झालं, रायखान पिते. तोलेगेननं आधी तिला एका झाडफूक करणाऱ्या बाईकडे नेलं. बाईनं शिसं वितळवून पाण्यात ओतलं आणि दृष्ट लागलीय म्हणाली. पंधरवड्यानं वहिनी अंगणात झटका येऊन पडली, तेव्हा कुठं आम्ही कारागांदाच्या इस्पितळात पोचलो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. पडद्यावर त्यांनी मेंदूचं चित्र दाखवलं. आत रंगीत दोऱ्यांच्या जुड्या होत्या.

“ऐकलेलं समजतं ती जागा ही. बोलणं जुळतं ती ही. दोन्ही शाबूत आहेत,” त्या म्हणाल्या. “पण दोघींना जोडणारी ही जुडी पाहा. मेंदूत गाठ झालीय, तिनं हिला बाजूला ढकललंय, आणि इथं ही विरत गेलीय. गाठीपासून लांबचे दोरेसुद्धा पातळ झालेत. मेंदूत एका जागी बिघडलं की तेवढ्यावर भागत नाही.”

“गाठ काढली की दोरे जागेवर येतील?” तोलेगेननं विचारलं.

“नुसते ढकललेले असतील ते येतील. गाठीनं खाल्लेले नाही येणार. कुठले किती, ते या चित्रावरून मी छातीठोक सांगू शकत नाही.”

वहिनी म्हणाली, “कापा.”

तिला जागी ठेवूनच कवटी उघडली. डॉक्टर शब्द सांगत, ती म्हणू पाही. एका जागी हत्यार लागताच तिचं बोलणंच तुटलं, तिथं त्यांनी हात आवरला. उरलेली गाठ आतच राहिली.

घरी आल्यावर तोलेगेनला वेडच लागलं. सकाळी चहा व्हायच्या आत तो तिच्यासमोर बसायचा.

“म्हण, पाव.”

“पा... वा... पाप.”

“म्हण, तोलेगेन.”

“तोगे... लोते...” तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. चुकतंय हे तिला प्रत्येक वेळी कळायचं. एकदा तिनं वाटी आपटली. “तोलेगेन, पुरे कर रे, माणूस आहेस की कसाई?”

तो ताडकन उठला. “बघ, म्हणालीस. माझं नाव म्हणालीस. आता परत म्हण.”

“गेतो... तोले...”

तो बाहेर जाऊन गोठ्याच्या भिंतीवर डोकं आपटत राहिला. मी त्याला धरून आत आणलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा समोर बसला.

शरद संपता संपता तिचं स्वतःचं बोलणंही गेलं. मग उजवा हात, मग पाय. कारागांदाला पुन्हा नेलं तर डॉक्टरीणबाईंनी तोलेगेनला खुर्चीवर बसवलं आणि आता घरीच ठेवा म्हणाल्या. तरी तो तिला घेऊन दोन शहरं हिंडला. दोन्हीकडे तेच ऐकलं.

शेवटच्या दिवशी म्हाताऱ्या मोल्लांना बोलावलं. मरणाऱ्याच्या उशाशी कलमा म्हणायचा आणि त्यानं तो मागोमाग म्हणायचा, ही आमची रीत. मोल्ला सावकाश म्हणाले, थांबले. वहिनी त्यांच्याकडे नुसती बघत राहिली.

“पुन्हा म्हणा,” तोलेगेन म्हणाला. “हळू म्हणा.”

त्यांनी म्हटलं. तिसऱ्यांदाही म्हटलं. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “बाळा, तिला ऐकू येतंय. अल्लाला माहीत आहे तिचं काय झालंय ते.”

“मला नाही ना माहीत,” तोलेगेन म्हणाला.

ऊन उतरायच्या आत ती गेली. चाळिसाव्याचं जेवण झालं, पाहुणे पांगले. तोलेगेन अजून मला गाठतो, रुळांवर, दुकानात, कुठंही.

“मोल्ला म्हणत होते तेव्हा तू तिच्या तोंडाजवळ होतीस. ओठ हलले का गं?”

मी सांगते, “दादा, मला नाही दिसले.”

तो मान हलवतो आणि दोन दिवसांनी पुन्हा विचारतो.