फुकटचा मिस्तरी

आमच्या घरात एक शाल आहे. तांबडी, सोनेरी काठाची. घरात आल्यापासून ती कुणाच्या अंगावर गेली नाही. बायको, म्हणजे आमची म्हातारी, तिच्यावर मिरच्या वाळू घालते. मी बघतो, बोलत नाही. बोलायची सोय मीच ठेवली नाही.

चौथीपर्यंत शाळा झाली. पुढचं सगळं शिक्षण जिनिंगमधी. वडवणीच्या रोडला आमची जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करायचा कारखाना. तिथल्या मशिनी तीस वर्षं मी सांभाळल्या. चामड्याचा रोलर असतो, त्याच्यावर सुरी टेकवायची. सुरी दाबून बसली की चामडं जळल्याचा वास सुटतो, ढिली बसली की सरकी रुईत जाते. ह्या दोन्हीच्या मधली जागा मला कानानं कळायची. बाजूला चहा पीत बसलो असलो तरी सांगायचो, चार नंबर दाबलाय. नावानं मला तिथं कुणी हाक मारली नाही. मिस्तरीच म्हणायचे. थोरले मालक होते तोवर तेसुद्धा, "या मिस्तरी, टेका," म्हणून स्वतःच्या बाजूला जागा करायचे.

थोरले गेले. धाकले मालक पुण्याहून शिकून आले. माणूस वाईट नव्हता, निदान आधी वाटला नाही.

दोन सीझनमागं मंदी आली. मंदी खोटी होती असं मी म्हणणार नाही. रुईच्या गाठींना गिऱ्हाईक नव्हतं, गोदाम पत्र्याला लागलं होतं ते मी डोळ्यानं बघत होतो. चौसाळ्याकडच्या एका जिनिंगनं दसऱ्याला कुलूप काढलंच नाही. आपल्याकडं काहीतरी होणार हे सगळ्यांना कळत होतं. म्हणून एका सकाळी आम्ही गेटसमोरच्या हॉटेलात बसलो. ठरलं असं, की पगार कापायला निघाले तर मिस्तरी बोलतील. पाऊणाच्या खाली कुणी यायचं नाही.

हे ठरवणारा प्रेसवाला. गाठी दाबायची जी प्रेस असते त्याच्यावरचा माणूस. आमच्याच गल्लीतला, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, पण वीस वर्षं एका डब्यात जेवलेला, म्हणून मला अरे-तुरे करायचा. त्याचा बाप जन्मभर ऊसतोडीला जायचा. ह्यानं जिनिंगला लागल्यावर बापाचा कोयता विहिरीत टाकला होता, हे तो दर दिवाळीला सांगायचा.

मला म्हणला, "मिस्तरी, तू फक्त पाऊण म्हण. दुसरं काहीच म्हणू नको. तुझी जीभ मला माहीत हाय."

आठ दिवसांनी मालकानं सगळ्यांना कापसाच्या ढिगापाशी बोलावलं. बाया, हमाल, प्रेसवाले, सगळे. म्हणले, यंदा सगळ्यांना निम्मा पगार, बाजार सुधारला की पुन्हा पुरा. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मालक माझ्याकडं वळून हसले.

"मिस्तरींचं काय अवघड हाय? दोघंच माणसं. ह्या वयात निम्म्यात आरामात भागतंय."

तिथं माझं डोकं फिरलं. माझं किती भागतं हे ह्यानं सांगावं? तीस वर्षांचं काम अन् म्हातारपणाची सोय, एकच झालं? म्हणलं, "मालक, निम्मा कशाला? निम्मा पगार निम्म्या माणसाला देतेत. मला द्यायचा तर पुरा द्या, न्हाईतर एक रुपाया देऊ नका. बाजार सुधरंपर्यंत फुकट चालवतो तुमच्या मशिनी!"

आता हे मी का म्हणलं ते सांगतो. आमच्याकडं पाहुणा ताटावर हात आडवा धरतो, बस म्हणतो, तरी वाढणारी हाताच्या फटीतून भाकर सारतेच. आहेराची टोपी घालायला लागले की माणूस "कशाला, कशाला" म्हणतो अन् डोकं मात्र पुढं करतो. नको म्हणायचं असतं अन् समोरच्यानं ते ऐकायचं नसतं. थोरले मालक असते तर शरमले असते. "मिस्तरी, असं तोडून बोलता व्हय?" म्हणून हाताला धरून हापिसात नेलं असतं, अन् बाहेर येताना सगळ्यांचा पाऊण ठरला असता. मी त्याच हिशेबानं बोललो.

धाकल्या मालकांनी मुनीमाकडं बघितलं. मग पुढं आले अन् वाकून माझ्या पायाला हात लावला.

"याला म्हणतेत माणूस," सगळ्यांकडं बघून म्हणले. "मिस्तरी फुकट राबायला तयार हायेत. अन् आपण निम्म्यावर रडायलो!"

मुनीमानं टाळ्या वाजवल्या. मागून कुणी कुणी वाजवल्या. प्रेसवाल्याचे हात खालीच होते.

ह्या पोराला आग्रह कळत नव्हता का लईच कळत होता, हे मला अजून उमगलेलं नाही.

घरी म्हातारीनं विचारलं, "काय ठरलं?"

सांगितलं. ती पीठ मळत होती, हात थांबले.

"फुकट? कुणाला इचारून?"

"बोलून बसलो."

"मग आता त्याच बोलण्याची भाजी करते. सुकी करू का रश्श्याची?"

दुसऱ्या दिवसापासून ती शेजारच्या गावात कापूस वेचायला जायला लागली. तिची बोटं बोंडाच्या टोकांनी फाटायची. तोच कापूस चार दिवसांनी टेम्पोत भरून आमच्या जिनिंगला यायचा. एकदा म्हणली, "वेचायचे पैसे तरी देतेत मला. तुमची मशीन तोच कापूस खाती, तिथं तेबी न्हाई."

पुढच्या बाजाराच्या दिवशी मालकानं शाल-नारळ देऊन माझा सत्कार केला. फोटो काढला. तो फोटो काच लावून हापिसात टांगला, नेमका जिथं पगाराची सही घेतात तिथं. कुणी कुरकुरलं की मुनीम नुसता पेन वर करून फोटो दाखवायचा.

पहिला निम्मा पगार झाला त्या दिवशी प्रेसवाला माझ्यापाशी आला. मी पाच नंबरची सुरी बसवत होतो.

"तुझ्या फोटोखाली सही करून आलो," म्हणला. "काय केलंस बे हे?"

"मला काय माहीत ते हो म्हणतील."

"बरं, झालं ते झालं. उद्या हापिसात जा अन् म्हण, मालक, मला जमत न्हाई, घर चालत न्हाई. तू मागं घेतलंस की आमाला बोलायला तोंड राहील."

"घर चालत न्हाई म्हणू? मी?"

"मग काय म्हणतूस? चालतंय?"

मी पान्हा उचलला अन् नट आवळायला लागलो. तो उभाच राहिला.

"मिस्तरी, माझ्या घरी खाणारी सात माणसं हायेत. एकदा तोंड खाली घाल. एकदा."

मी म्हणलं, "चारचौघात दिलेला शब्द हाय."

"शब्द तुझा अन् पोट आमचं," म्हणला अन् गेला.

दोन दिवस मी जेवणाच्या सुट्टीत हापिसाच्या पायरीपर्यंत जायचो. काचेतून माझाच फोटो दिसायचा, शाल पांघरलेला, छाती काढलेला. त्याच्यासमोर उभं राहून जमत नाही कसं म्हणायचं? माघारी यायचो. तिसऱ्या दिवसापासून तिकडं गेलोच नाही. डबा एकट्यानं खाल्ला.

दिवाळी झाली. ऊसतोडीचे ट्रॅक्टर निघाले. एक ट्रॅक्टर आमच्या गेटसमोर डिझेलसाठी थांबला. मागं ट्रॉलीत भांडी, चुलीची लाकडं, बाया, अन् त्यात प्रेसवाला अन् त्याची बायको. पंचावन्नच्या पुढचा माणूस. मांडीवर नवा कोरा कोयता, कागदात गुंडाळलेला. मी गेटात उभा होतो. त्यानं मला बघितलं. बोलावं म्हणून मी दोन पावलं पुढं गेलो.

तो म्हणला, "ये की, चढ. हितं बी निम्मीच मजुरी हाय, पण फुकट कुणी राबत न्हाई."

ट्रॉलीतल्या बाया हसल्या. ट्रॅक्टर निघाला.

तो सीझन मी शेवटपर्यंत काढला. एकही मशीन बंद पडू दिली नाही. ते कुणी बघितलं का, माहीत नाही. फाल्गुनात गाठींना उठाव आला, गोदाम रिकामं झालं. दसऱ्याला पुन्हा जिनिंग सुरू व्हायची वेळ आली तेव्हा मी गेलो. हत्यारांची पूजा दरसाली माझ्याच हातानं व्हायची. तिथं एक नवा फिटर दिसला, परभणीकडचा. पगार किती विचारलं तर म्हणला, निम्म्याच्या थोडा वर. पुरा पगार कुणाला होता हे आता तिथं कुणाला आठवतच नव्हतं.

मुनीम म्हणला, "मिस्तरी, तुमी आता घरचे. राबायचं वय हाय का हे? नारळ तेवढा तुमच्याच हातचा पाहिजे."

मी नारळ फोडला. मुनीमानं खिशातून पाकीट काढून पुढं केलं.

"मालकांनी दिलंय. मागच्या सीझनचं, खुशीनं."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "राहू द्या की. कशाला?"

बोलल्याबरोबर कळलं. हात पुढं करायला एक क्षण पुरला असता. मुनीम म्हणला, "धन्य हाय तुमची," अन् पाकीट परत खिशात गेलं.

प्रेसवाला गुढीपाडव्याच्या आधीच ऊस तोडून परत आला होता. कमरेत धरलंय, वाकून चालतो. जिनिंगनं त्याला परत घेतलं नाही. त्यासाठी मी मालकापाशी शब्द टाकायला पाहिजे होता, हे तोही जाणतो अन् मीही. फुकटच्या माणसाच्या शब्दाला काय वजन, असं मी स्वतःला सांगतो. खरं म्हणजे मागायला तोंड खाली घालावं लागलं असतं.

मागच्या बाजारी तो आमच्या दारावरून चालला होता. मी ओट्यावर होतो, बाजूला शालीवर मिरच्या.

"ये, चहा घे."

"नको."

"अरे ये की. झालाच आहे."

"नको म्हणलं ना."

मी उठलो, रस्त्यावर गेलो, त्याच्या दंडाला धरलं. "घोटभर घे. म्हातारीनं ठेवलाय."

त्यानं माझा हात दंडावरून काढला, हळूच काढला. "मिस्तरी, मी नको म्हणतो तेव्हा मला नको असतं," म्हणला, अन् कमरेवर हात ठेवून पुढं गेला.

म्हातारीनं चहा आणून ओट्यावर ठेवला होता. दोन कप. दोन्ही मीच प्यालो.