पिंपळगावच्या वहिनींचा हयातीचा दाखला

बाबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले तेव्हा मी चौथीत होते. तेव्हापासून दर नोव्हेंबरात ते बदनापूरहून सकाळच्या गाडीनं जुन्या जालन्यातल्या बँकेत जायचे. आपण हयात आहोत हे सही करून दाखवलं की वर्षभर पेन्शनची काळजी नसायची. काम पाच मिनिटांचं, पण बाबा घरी यायचे दिवेलागणीला. आसपासच्या गावांतले जुने फौजी त्या दिवशी तिथं भेटायचे.

मग पद्धत बदलली. बँकेतलं ते काम बंद होऊन सगळं ऑनलाइन झालं. मी शाळेत शिकवते, असली कामं रोजच फोनवर करते. बाबांचा दाखला मी घरबसल्या भरून टाकला. ते नुसतं "झालं?" म्हणाले आणि बराच वेळ अंगणात जाऊन बसले. माझ्या हातून त्यांचं काहीतरी हिरावलं गेलं असं मला वाटलं, पण काय करावं ते सुचेना.

उन्हाळ्याच्या तोंडाला पिंपळगाव रेणुकाईहून फोन आला. फौजेत बाबांच्या कंपनीत असलेल्या एका मित्राच्या पत्नी बोलत होत्या. मित्र वारून बरीच वर्षं झाली होती.

"भाऊजी, तीन महिने झाले, पेन्शन आली न्हाई. बँकेत गेल्ते, तर म्हणले आता इथं होत न्हाई. मंग कुठं होतं, ते काय मला समजलं न्हाई."

"रविवारी येतो, वहिनी," बाबा म्हणाले. मला विचारलंसुद्धा नाही.

रविवारी आम्ही एसटीनं गेलो. वहिनींनी नवऱ्याचे सगळे कागद एका कापडात बांधून ठेवले होते. मी माहिती भरली. शेवटी फोननं त्यांचा चेहरा मागितला; समोरचं माणूस पापण्या हलवतं का, ते तो बघतो.

"काकू, पदर जरा मागं घ्या."

त्यांनी बाबांकडं पाहिलं. बाबा उठून बाहेर ओट्यावर पाठमोरे उभे राहिले.

पदर मागं गेला, पण वहिनी फोटोला बसल्यासारख्या पापणी न हलवता बघत राहिल्या. डोळ्यांची उघडझाप करा म्हटलं, तर डोळे गच्च मिटून बसल्या. दोनदा प्रयत्न फसला. बाबांना राहवेना. ते आत आले, माझ्यामागं उभे राहिले आणि त्यांच्याकडं बघून डोळे मिचकावायला लागले. सत्तरीच्या माणसाचा तो अवतार बघून वहिनी हसल्या, आणि हसता हसता पापण्या हलल्या.

"झालं," मी म्हणाले.

"एवढंच? मी तर समजले, सरकारनं मला मेलेलीच धरलं."

"आम्ही असं कसं धरू देऊ?" बाबा म्हणाले. मग जेवताना ते मित्राबद्दल बोलत राहिले. बर्फात दोघांनी एकाच कांबळ्यात काढलेल्या रात्रीची गोष्ट मी तिथं पहिल्यांदा ऐकली.

पुढच्या महिन्यात थकलेल्या महिन्यांसकट पेन्शन जमा झाली. तोवर बाबांनी माझ्याकडून सगळं शिकून घेतलं होतं. आईला समोर बसवून त्यांनी आठवडाभर सराव केला. आता ते जुन्या सोबत्यांच्या गावी स्वतः जातात. परवा एका सुभेदारांचा दाखला भरायला गेले ते तिथंच मुक्कामाला राहिले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन आले.