तहानलेल्या दगडाच्या पायऱ्या

पत्रक लिहिण्यात माझा हात बसला होता, आणि हे मी स्वतःच चारचौघांत सांगत असे. नगरच्या एका बोळातल्या छापखान्यात आमच्या संघटनेची पत्रकं निघायची. पिवळा कागद, जाड मथळा, शेवटी तीन मागण्या. दुष्काळाच्या पहिल्या वर्षी ती घेऊन मी पारनेर तालुक्यातल्या दुष्काळी कामांवर हिंडत होतो. कामावर सावली नव्हती, प्यायचं पाणी दोन मैलांवर, आणि बाळंतीण बाई तापलेल्या दगडांशेजारी पोराला झोपवून खडी फोडत होती. यावर संताप येत नसेल तर माणसानं लिहू नये, असं मला वाटायचं. अजून वाटतं.

अशाच एका कामावर मला एक म्हातारा दिसला. बाकीचे हातोडा आपटत होते. हा दगड उचलून फिरवून बघायचा, एक जागा अंगठ्यानं चाचपायचा आणि एकच घाव घालायचा. दगड सरळ दुभंगायचा. जातीनं आणि धंद्यानं पाथरवट. एरवी गावोगाव हिंडून जात्यांना, पाट्यांना टाकी लावून द्यायचा. पण दळायला दाणाच नाही तर जात्याला टाकी कोण लावून घेणार? म्हणून खडीवर आला होता.

पत्रक हातात घेऊन त्यानं ते उलटंसुलटं पाहिलं. वाचता येत नव्हतं. मग म्हणाला, "तुमी कागुद लिवता न्हवं? मग आमचा बी एक लिवा."

त्याची अडचण ऐकून मी आधी हसलोच. दुष्काळात माणूस भाकरीचं बोलेल, पाण्याचं बोलेल. हा नारळाचं बोलत होता.

कोकणात अगदी लाटांच्या तोंडाशी एक महादेवाचं देऊळ आहे. देऊळ उभं राहिलं, पण पायऱ्या टिकेनात. तिकडचा तांबडा जांभा दगड बसवावा आणि पावसाळ्यात समुद्रानं तो खाऊन टाकावा. शेवटी देव स्वप्नात आला. तोही पुजाऱ्याच्या नाही, जन्मात समुद्र न पाहिलेल्या, घाटावरच्या एका पाथरवटाच्या. म्हणाला, ज्या दगडाला कधी पोटभर पाणी मिळालं नाही तो घेऊन ये. मग पारनेरच्या माळावरचा काळा दगड बैलगाड्यांतून घाट उतरला आणि त्याच्या अकरा पायऱ्या बसल्या. भरती आली. तहानलेला दगड तिला पीत सुटला आणि समुद्र मागं सरला. दगडाची तहान अजून भागलेली नाही, म्हणून समुद्र देवळात शिरत नाही. तो पाथरवट या म्हाताऱ्याचा पूर्वज.

तेव्हापासून दर वर्षी त्रिपुरी पौर्णिमेच्या जत्रेआधी त्यांच्या घरातला एक माणूस तिथं जातो. ओहोटी धरून चार दिवस पायऱ्यांना टाकी लावतो, म्हणजे शेवाळानं गुळगुळीत झालेला दगड छिन्नीनं टोचून खरखरीत करतो. ओल्या पायांची माणसं घसरत नाहीत. मजुरी घ्यायची नाही. आरती झाली की पुकारा होतो, "घाटावरचे पाथरवट, या," आणि पहिला नारळ त्यांच्या हातात. एवढा मान.

आता देवस्थानात नवे पंच आले होते. त्यांनी निरोप धाडला होता की मानाचा कागद असेल तर दाखवा, नसेल तर यंदापासून मान बंद.

"कागुद कुठला? गोष्ट हाय," म्हातारा म्हणाला. "वर्सातनं एकदाच आमाला कुनीतरी 'या' म्हन्तं. बाकी समदी 'सरक' म्हन्त्यात."

या वाक्यावर मी पेटलो. दोन दिवस तालुक्याच्या वाचनालयात बसलो, कोकणचा जुना इतिहास काढला. देवळाच्या दारावर शिलालेख आहे, त्यात पैसे देणाऱ्या सरदाराचं नाव आहे. दगड फोडणाऱ्याचं अर्थातच नाही. मी लिहिलं: "देव कुणाच्या घामाचा?" पहिल्या पानावर त्या देवळाच्या सगळ्या दंतकथा सोलून काढल्या. पांडवांनी एका रात्रीत बांधलं हे थोतांड. पिंड लाकडी पेटीतून तरंगत आली हे थोतांड. तहानलेल्या दगडानं समुद्र प्याला, हेही थोतांडच. भोळ्या कष्टकऱ्यांना फुकट राबवण्यासाठी रचलेलं. दुसऱ्या पानावर, देऊळ कामगारांनी बांधलं, कामगारांचा मान राखा.

छापून आल्यावर म्हातारा म्हणाला, वाचून दाखव. मी दुसरं पान तेवढं वाचलं. तो खूश झाला. पहिल्या पानावर काय आहे, असं त्यानं विचारलं तेव्हा मी म्हणालो, तुमच्याच बाजूचं आहे बाबा. मला ते खरंच तसं वाटत होतं.

दोघं एसटीनं निघालो. भाकरी त्यानं बांधून घेतली होती, पत्रकांचा गठ्ठा माझ्या मांडीवर. समुद्र मी पहिल्यांदाच पाहिला आणि तोंड उघडं टाकून उभा राहिलो. "पी की थोडं," म्हातारा म्हणाला, "दुस्काळातला हाईस."

पंचांशी बोलणं होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, असं त्यानं ठरवलं होतं. मी मात्र पोचल्या पोचल्या पत्रकं वाटली. अर्धा गठ्ठा संपला तेव्हा देवस्थानच्या चिटणीसांनी आत बोलावलं. पांढरा शर्ट, खिशाला पेन, बोलणं गोड. त्यांच्या हातात माझं पिवळं पत्रक होतं. त्यांनी म्हाताऱ्याला बसायला सांगितलं आणि पहिलं पान मोठ्यानं वाचलं. तहानलेल्या दगडाशी आल्यावर थांबून पुन्हा वाचलं.

"आम्ही एवढं कडक म्हटलं नसतं," ते म्हणाले. "पण तुमचेच सुशिक्षित लोक म्हणतात, गोष्ट खोटी आहे. मग मान कशावर द्यायचा?"

मी म्हणालो, दुसरं पान वाचा. कामगारांनी बांधलं आहे.

"बांधलंच असेल की. कुठल्या कामगारांनी? गाव सांगा. पारनेरच कशावरून?"

सरदार शिलालेखात होता. पाथरवट फक्त त्या गोष्टीत होते, आणि ती मीच माझ्या हातानं पुसून टाकली होती. सभेत कुणापुढं न हटणारा मी, तिथं घसा खाकरत बसलो.

बाहेर आलो तेव्हा म्हाताऱ्यानं शिवी द्यावी, असं मला वाटत होतं. तो वाळूत बसून तंबाखू मळू लागला.

"खोटं लिवलं न्हाईस तू," तो म्हणाला. "दगूड कुटं पानी पितो व्हय? ते आमाला बी कळतं. पन आमच्यापाशी तेवढंच हुतं रं."

तरी ओहोटी लागली तसा तो हत्यारं घेऊन उतरला. मी अडवलं. म्हणालो, आता फुकट राबायचं नाही, हा स्वाभिमानाचा प्रश्न आहे. त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. बायाबापड्या पडतील, एवढं म्हणाला. मग मीही खाली उतरलो आणि खराट्यानं शेवाळ काढू लागलो. छिन्नीचे ठोके किती सारखे पडत होते. वरच्या पायरीवर टाकीच्या जुन्या खुणा होत्या, त्यांच्या मधल्या जागेत त्याच्या नव्या खुणा बसत होत्या, जणू आधीच आखून ठेवलेल्या.

पौर्णिमेला आरती झाली. पहिला नारळ बाहेरगावच्या एका ठेकेदाराला मिळाला. पुकारा झाला नाही. म्हातारा रांगेत सगळ्यांच्या मागं उभा राहिला, खोबऱ्याचा तुकडा घेतला आणि टोपीत ठेवला.

पुढच्या उन्हाळ्यात त्या ठेकेदारानं पायऱ्यांवर सिमेंटचा गुळगुळीत थर दिला. पावसाळ्यात अर्धा थर समुद्रानं उखडला, उरलेल्यावर शेवाळ धरलं, आणि चिटणीसांच्या सासूबाई तिथंच पडून त्यांचा पाय खुब्यात मोडला. हे आम्हांला चिटणीसांच्याच पोस्टकार्डातून कळलं. जत्रेआधी येऊन पायऱ्या करून द्याव्यात, योग्य मजुरी मिळेल.

म्हातारीचं वाईट वाटायला पाहिजे होतं. मला आधी आनंद झाला, हे कबूल करतो.

म्हाताऱ्यानं मला विचारलं, "नारळाचं लिवलंय का?" लिहिलं नव्हतं. मग मी जबाब लिहायला बसलो. मजुरी नको, असं त्यानं सांगितलं. पुकारा झाला पाहिजे. आणि वर गोष्ट लिही, सबंध, स्वप्नापासून. मी पेन थांबवलं.

"लाज वाटती?" त्यानं विचारलं.

वाटत होती. तरी लिहिली. एका कार्डात मावली नाही, दोन लागली. खाली माझी सही केली आणि मागच्या वर्षीचं पत्रक मी मागं घेतो, असंही लिहिलं. संघटनेतल्या माझ्या मित्रांना हे कळलं तेव्हा त्यांनी मला बुवा म्हणायला सुरुवात केली. म्हणोत.

चार दिवस सिमेंट फोडण्यात आणि टाकी लावण्यात गेले. पौर्णिमेला पुकारा झाला. म्हातारा पुढं गेला, नारळ कपाळाला लावला आणि जमलेल्या लोकांनी विचारलं म्हणून गोष्ट सांगू लागला. गोष्टीतल्या बैलगाड्या घाट उतरेपर्यंत सगळे ऐकत होते. मग चष्मा लावलेले एक शाळामास्तर म्हणाले, "बाबा, याला पुरावा काय?"

माझी मान खाली गेली. म्हातारा म्हणाला, "उतरून बगा की."

मास्तर चपला हातात घेऊन ओल्या पायऱ्यांवरून पाण्यापर्यंत उतरले आणि तसेच वर आले. पाय कुठं सरकला नाही. त्यावरून दगड पारनेरचा ठरत नाही, हे मला कळत होतं, मास्तरांनाही कळत असणार. ते चपला घालून म्हाताऱ्याच्या समोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "मग भरती आल्यावर काय झालं?"