लाभपाचमेचा पहारा

बडोद्यात मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत मुकुंदभाई अमीन यांचा व्हॉल्व्हचा कारखाना होता आणि तिथले कॉम्प्युटर हेरंब दिघे सांभाळायचा. मुळात हा वायरमन. मोटार जळली की बघायची, फ्यूज उडाला की बदलायचा. ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा मुकुंदभाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "हेरंबभाई, याला वीज लागते ना? मग हे तमारं खातं." झालं! चिकटलं ते चिकटलंच. पुढे एकाचे सहा-सात झाले, तारांनी एकमेकांना जोडले गेले, टेलिफोनवरून पत्रं यायला लागली, तरी मुकुंदभाईंच्या लेखी ते वायरमनचंच खातं राहिलं.

हेरंबला त्याचं काही वाटत नसे. शिकायची हौस दांडगी, आणि स्वभाव पहिल्यापासून शंकेखोर. घराला कुलूप लावून जिना उतरला की पुन्हा वर जाऊन ते ओढून बघणार. त्याची बायको निरुपमा खालून ओरडायची, "अहो, सोडा त्याला! चोराआधी तुम्हीच तोडाल ते."

तर दोन हजार सालचा उन्हाळा. बाजारात केसर आंबा आला होता. ऑफिसात कुणीतरी मेलमधून आलेलं काहीतरी उघडलं. कोणी उघडलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. अशा वेळी सगळेच साधू असतात. व्हायरस तारेतारेतून फिरला आणि मामासाहेबांची ड्रॉइंग खाऊन बसला. फायलींची नावं जागच्या जागी, आत मात्र काही नाही.

मामासाहेब म्हणजे प्रतापसिंहराव माने, कारखान्याचे ड्राफ्ट्समन. सगळं आयुष्य ड्रॉइंग बोर्डावर वाकून काढलं आणि निवृत्तीचं वय उलटल्यावर हेरंबकडून कॉम्प्युटर शिकले. कारखान्याचा एकूण एक व्हॉल्व्ह त्यांनी स्क्रीनवर नव्याने काढला होता. ते सारं एका दुपारीत गेलं. फ्लॉपींवर प्रती होत्या म्हणता? होत्या की! निम्म्याहून जास्त फ्लॉपी नुसत्या खरखरल्या आणि गप्प झाल्या. मामासाहेबांनी एकेक रिकामी फाइल उघडून पाहिली. मग चष्मा पुसत म्हणाले, "बरं. परत काढू." एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला, ऑपरेशन ठरलेलं, ते त्यांनी पुढे ढकललं. जुने निळे नकाशे पसरून म्हातारा पुन्हा पहिल्या रेषेपासून बसला.

हे हेरंबच्या फार जिव्हारी लागलं. घरफोडी झाली आणि पहारेकरी आपण होतो, असं त्याला वाटायचं. त्याने मुकुंदभाईंकडे दोन गोष्टी मागितल्या. सीडीवर प्रती काढायचं यंत्र आणि चांगला अँटिव्हायरस. मुकुंदभाई माणूस दिलदार, पण त्या वर्षी जरा दुखावलेले. नव्या सालाच्या रात्री म्हणे सगळे कॉम्प्युटर बंद पडणार होते, म्हणून त्यांनी तज्ज्ञ बोलावला, आणि काहीच बंद पडलं नाही. तेव्हापासून कॉम्प्युटरची भीती घालणाऱ्याकडे ते डोळे बारीक करून बघत. म्हणाले, "यंत्र दिवाळी पछी, आत्ता नाही. अँटिव्हायरस घ्या, पण एकच. नीट जोखून घ्या."

जोखून घ्या म्हटल्यावर हेरंबला काय, मोकळं रानच मिळालं. स्टोअरमध्ये रंगाच्या डब्यांशेजारी त्याने एक जुना कॉम्प्युटर मांडला, कुठल्याही तारेला न जोडलेला. ओळखीपाळखीतून व्हायरस गोळा केले, एका फ्लॉपीत भरले, आणि ती लाल रंगाने माखून वेगळ्या डब्यात ठेवली. तीन कंपन्यांची तीन सॉफ्टवेअर महिनाभर वापरून बघायला मिळत होती. एकेक चढवायचं, लाल फ्लॉपी घालायची आणि कोण किती पकडतंय ते बघायचं. घरी जेवताना तोच विषय. निरुपमा म्हणाली, "लग्नाला मुलगी नाही आपल्याला, म्हणून ही स्थळं बघताय का?"

पहिल्याच आठवड्यात एक बाद झालं. त्याने लाल फ्लॉपीतले निम्मे पाहुणे खुशाल आत घेतले. उरली दोन. निळ्या खोक्याचं सॉफ्टवेअर भलतं हुशार. ओळखीचे चोर तर पकडायचंच, पण अनोळखी प्रोग्रॅम जरा वेडावाकडा वागला की त्याचीही मान धरायचं. हिरव्या खोक्याचं साधं. त्याच्याकडे चोरांच्या फोटोंची यादी असायची, यादीत फोटो असेल तर पकडणार, नसेल तर "या, बसा". ती यादी दर दोन-चार दिवसांनी टेलिफोनवरून ताजी करून घ्यावी लागे.

कुणालाही वाटेल, निळं घ्यावं. हेरंबलाही वाटलं. त्याने ते मामासाहेबांच्या कॉम्प्युटरवर चढवून पाहिलं, आणि तिथे घोडं अडलं. ड्रॉइंग उघडायला घेतलं की निळं आधी ते कानाकोपऱ्यातून तपासणार. तोवर मामासाहेब चहा पिऊन यायचे तरी स्क्रीनवर वाळूचं घड्याळ तसंच. रेष मारली की ती उमटायला वेळ. नाकापेक्षा मोती जड! चार दिवस म्हाताऱ्याने सोसलं आणि पाचव्या दिवशी शिकवलेल्या विद्येचा उपयोग करून निळं गुपचूप बंद करून टाकलं. हेरंबने विचारलं तर लहान पोरासारखे हसले. "अरे, डोळा दगा द्यायच्या आत संपवायचंय मला. तुझा हा शिपाई मला माझ्याच घरात शिरू देत नाही."

त्या दिवशी स्कूटरवरून घरी जाताना हेरंबने बराच विचार केला. उत्तम पहारेकरी तो, की ज्याच्याबरोबर घरातल्या माणसांना राहता येतं तो? लोक कंटाळून बंद करून ठेवणार असतील तर त्या हुशारीचं लोणचं घालायचं का? त्याने हिरवं निवडलं. यादी ताजी ठेवायचं काम स्वतःच्या अंगावर घेतलं. "त्याची अक्कल कमी पडते तिथे मी उभा राहीन," असं निरुपमाला म्हणाला. ते तो करतही होता, एक वार चुकवत नव्हता. मामासाहेबांचं काम सुसाट चाललं. दसरा गेला, दिवाळी आली, आणि शेवटची थोडी ड्रॉइंग तेवढी उरली.

पण आयुष्यभर बडोद्यात राहून या माणसाच्या डोक्यात एक साधी गोष्ट आली नाही. दिवाळीला हिशेबाच्या वह्यांचं चोपडापूजन झालं की ऑफिसला कुलूप लागतं, दारावर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, निघतो, आणि ते कुलूप लाभपाचमेच्या मुहूर्तावर शेठच्या हातानेच उघडतं. मधे कुणी म्हणजे कुणी आत जायचं नाही. म्हणजे तितके दिवस हिरव्या खोक्याची यादी शिळी होत बसणार. आणि कुलूप उघडल्यावर पहिलं काय येणार? जगभरातली नव्या वर्षाची, साल मुबारकची पत्रं! भुलवायला याहून चांगलं सोंग व्हायरसला कुठलं मिळणार? महिनाभर तपासणी केली, पण ती चालत्या कारखान्याची. बंद कारखाना उघडतो त्या सकाळचा विचारच केला नव्हता.

हे ध्यानात आलं भाऊबीजेला. निरुपमाचा भाऊ मल्हारराव पुण्याहून आला होता. चकली मोडता मोडता सहज म्हणाला, "आमच्या ऑफिसात ओळखीच्याच पार्टीकडून आलेलं दिवाळीचं ग्रीटिंग उघडलं एकाने, आणि सगळं साफ!" हेरंबच्या हातातला लाडू हातातच राहिला. तसाच उठून त्याने मुकुंदभाईंना फोन लावला. अर्धा तास आधी ऑफिस उघडू द्या म्हणाला. मुकुंदभाई म्हणाले, "साल मुबारक हेरंबभाई! मुहूर्ताआधी कुलूप? ना, ना. उघडल्यावर पहिलं तुमचं काम करजो, बस?"

लाभपाचमेला सगळे नवे कपडे घालून दारात उभे. कुलूप उघडलं, नारळ फुटला, कॉम्प्युटरना हार घातले, पेढे आले. हेरंब आपल्या जागेकडे वळणार तोच मुकुंदभाईंनी त्याला थांबवलं. फोनवर दिलेला शब्द ते विसरले होते. त्यांच्या मनात काहीतरी आलं होतं, आणि आलं ते चांगलंच होतं. "आ वर्षी पहिलं काम मामासाहेबांच्या हातून," ते म्हणाले. "एवढी मेहनत घेतली त्यांनी. भरुचच्या आपल्या मोठ्या पार्टीचं ग्रीटिंग आलेलं असणार. ते उघडा आणि वर्षाचा श्रीगणेशा करा."

टाळ्या वाजल्या. मामासाहेब कधी नव्हे ते लाजले. फेटा बांधून आले होते. आपल्या कॉम्प्युटरपुढे बसले. सगळी ड्रॉइंग होती ती त्याच्यातच. टेलिफोन लागला, मेल उतरली, आणि भरुचचं पत्र वरच होतं, खाली चित्र जोडलेलं. हेरंब म्हणाला, "मुकुंदभाई, आधी यादी..." मुकुंदभाईंनी हात हलवला. "अरे, ओळखीची पार्टी छे! एकच तर आहे. मुहूर्त चाललाय."

ओळखीची पार्टी! मल्हाररावाच्या ऑफिसात काय अनोळख्याने पाठवलं होतं? मामासाहेबांनी चष्मा सारखा केला, माउसवर हात ठेवला, बाण चित्रावर नेला. बोट खाली जाणार एवढ्यात हेरंबने त्यांचं मनगट धरलं.

नुसतं धरलं नाही, माउसवरून उचललं. वडिलांच्या वयाच्या माणसाचं, भर सभेत, सणाच्या दिवशी! मामासाहेबांनी आधी हाताकडे पाहिलं, मग हेरंबकडे. "सोड," ते हळूच म्हणाले. हेरंब म्हणाला, "मामासाहेब, थोडा वेळ थांबा. पाया पडतो." मुकुंदभाईंचा चेहरा लाल. "सपरमे दहाडे, हेरंबभाई? अशा शुभ दिवशी?" त्यांनी घड्याळ बघितलं आणि पेढ्याचं ताट टेबलावर ठेवलं. मुहूर्त टळला होता. मामासाहेब उठले, काठी घेतली, आणि कुणाशी न बोलता निघून गेले.

यादी उतरवायला हेरंबला फार वेळ लागला. टेलिफोन सारखा तुटत होता. लोक मुद्दाम मागून येऊन जाऊन बघत होते. अखेर यादी ताजी झाली. त्याने भरुचचं पत्र तपासायला लावलं. हिरव्याने तपासलं आणि सांगितलं, काही सापडलं नाही. उघडलं तर एक पणती, ज्योत लुकलुकणारी, खाली साल मुबारक. मागून कोणीतरी फिसकन हसलं. मुकुंदभाई हसले नाहीत. "जोई लीधुं? बघितलंत?" एवढंच म्हणून केबिनमध्ये गेले.

दुपारी हेरंबने स्कूटर प्रतापनगरला घातली. मामासाहेबांचा मुलगा रेल्वेत होता, ते त्याच्या क्वार्टरमध्ये राहत. ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, फेटा मांडीवर.

"निघालं का काही त्यात?" त्यांनीच विचारलं.

"नाही. पणती होती."

"मग छान झालं की."

"मामासाहेब, मी तुमचा हात धरला..."

"धरलास, आणि मला राग आला," मामासाहेब म्हणाले. "खोटं कशाला बोलू? अजून आहे. उतरेल. पण तुझं तोंड असं का? ड्रॉइंग जागेवर आहेत ना?"

"आहेत."

"मग?"

हेरंब ओट्याच्या कडेला टेकला. सकाळपासून जे मनात सलत होतं ते सांगावं की नाही, हेच त्याला कळत नव्हतं. शेवटी खाली मान घालून म्हणाला, "काही सापडलं नाही असं आलं ना स्क्रीनवर, तेव्हा मला वाईट वाटलं, मामासाहेब. वाटलं, निघायला हवा होता व्हायरस. तुमच्याच कामावर बसायला निघालेला. म्हणजे सगळ्यांना दिसलं असतं की मी उगीच नाही केलं." त्याचे डोळे भरून आले. "तुमची ड्रॉइंग वाचवायला उभा राहिलो होतो, आणि मनातून चोराची वाट बघत होतो. लाज वाटते हो."

आतून सुनेने चहा आणून ठेवला. मामासाहेबांनी एक कप हेरंबपुढे सरकवला आणि म्हणाले, "पी. गार होतोय." एवढंच. हेरंब चहा प्यायला आणि उठला. माफ केलं की नाही, हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मामासाहेब येतील अशी ऑफिसात कुणाची खात्री नव्हती. आले. रोजच्या वेळेला, काठी टेकत, सगळ्यांना रामराम करत. मुकुंदभाई केबिनच्या दारात उभे होते. मामासाहेब आपल्या खुर्चीत बसले, कॉम्प्युटर सुरू केला, आणि माउसला हात न लावता दोन्ही हात मांडीवर एकावर एक ठेवले.

मुकुंदभाईंनी विचारलं, "केम मामासाहेब, काही बिघडलंय?"

"नाही," मामासाहेब ऑफिसभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "हेरंबने अजून हो म्हटलं नाही. त्याचं होऊ दे. मी बसलोय."

हेरंब त्या दिवसाची यादी उतरवायला बसला. टेलिफोन दोनदा तुटला. मामासाहेब तसेच बसून राहिले, हात मांडीवर, नजर समोर. ऑफिसात सगळ्यांनी ते पाहिलं. शेवटी हेरंब वळला आणि कसंबसं म्हणाला, "झालं, मामासाहेब."

"बरं," ते म्हणाले, आणि कामाला लागले.