तीन दगडांची खूण

सातुर्निनाने आयुष्यात एकच चूक केली, आणि ती चाळीस वर्षं नेमाने केली.

आमच्या गावाच्या वर, बर्फाच्या खाली, सुट्या दगडांच्या डबरात वामानरिपा उगवते. बोटभर उंच, लवदार पानांची, दगडाला चिकटलेली. तिच्या काढ्याने छाती मोकळी होते. ती आणण्याचं काम सातुर्निनाचं. वर गेली की आधी डोंगरापुढे कोकाची पानं ठेवायची, आजाऱ्याचं नाव मोठ्याने सांगायची आणि फक्त शेंडा खुडायची. मुळाला हात नाही. मग तिथे एकावर एक तीन दगड रचायची. जागा विसाव्याला आहे, तीन वर्षं कुणी फिरकू नये. आमच्यातलं कुणी फिरकलंही नाही.

तिचा नवरा इलारियो वीस वर्षं खाणीत होता. येताना छातीत धूळ घेऊन आला.

"डोंगर पोखरलास, आता तो तुला पोखरतोय," ती म्हणायची.

"मग रदबदली कर की! रोज त्याच्याशीच बोलतेस," तो म्हणायचा.

गेल्या वर्षी शहरातून माणसं आली, पोती आणि कुदळी घेऊन. त्यांना वाटाड्या लागलाच नाही. तीन दगड दिसले की खणायचं. मी सातुर्निनाची शेजारीण; मी डोळ्यांनी पाहिलं आणि गप्प बसले. त्याची लाज मला आजही वाटते.

जूनमध्ये, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, इलारियोला श्वास पुरेना. सातुर्निना दोन दिवस वर होती. प्रत्येक खुणेपाशी खड्डा. शेवटी एका कपारीत, जिथे तिने कधी दगड रचले नव्हते, वामानरिपाचं एक रोप मिळालं. ते तिने उपटून आणलं. शेंड्याचा काढा केला. चुलीपाशी पडलेलं मूळ इलारियोला दिसलं.

"मूळसुद्धा आणलंस?"

"आधी पी."

"वर नाव कुणाचं सांगितलंस?"

"तुझंच. आणखी कुणाचं सांगू, मेल्या?"

तो हसला, मग बराच वेळ खोकला. "म्हणजे वर आता काही उरलं नाही."

त्याने काढा संपवला आणि भांडं खाली ठेवलं. "ते परत लावून ये. माझ्यानंतरही गावात कुणीतरी खोकेलच."

ती चिडली, रडली, आणि पहाटे मूळ ओल्या लोकरीत गुंडाळून निघाली. मी इलारियोजवळ बसले. दुपारी तो गेला. संध्याकाळी ती उतरली तेव्हा मीच दारात उभी होते. मला पाहूनच तिला कळलं.

"लावलंस?" मी विचारलं.

"लावलं. खूण नाही ठेवली."

पावसाने यंदा डबर पार हलवलं. सातुर्निना दर आठवड्याला वर जाते, गुडघे सोलून येते. ती जागा तिलाही सापडत नाही.